धरलं का वं?

सकाळी पाच वाजून पन्नास मिनिटांनी आम्ही धामणगावहून निघालो आणि रेल्वेचं फाटक ओलांडायच्या आतच पहिला किस्सा झाला. किश्श्यांचं असंच असतं. प्रवासाची पिशवी कितीही झटका, कोपऱ्यातून आणखी चार मुरमुरे निघतातच! शेजारणी रोज दारात येऊन "काय काय पाह्यलं?" विचारतात, म्हणून एकदाच लिहून काढते.

आमचे हे इथे सरकीचा ट्रक चालवतात. वणीकडच्या एका कोळसा खाणीत त्यांना डंपर चालवायचं काम मिळत होतं. माझी नणंद, वंदनाताई, तिथल्याच वस्तीत राहते. ती फोनवर म्हणाली, "वहिनी, आधी येऊन पाहून घ्या, मंग हो म्हणा." म्हणून दिराची जुनी जीप घेऊन आम्ही निघालो. हे, सासूबाई, अडीच वर्षांची गुड्डी आणि मी. हो की नाही, ते मी सांगायचं होतं.

तर फाटकाजवळ यांनी माझी पिशवी उचलून पाहिली. तापाचं औषध, हिंग, दोन स्वेटर, टॉर्च, दृष्ट काढायला मीठ-मोहरी, उकळलेलं पाणी.

"अवं, आपण पाहाले चाललो का राहाले?"

मी म्हटलं, "ते अजून ठरलं नाही!"

*

घाटंजी मागे पडलं आणि सागाचं जंगल लागलं. इंजिन तापलं म्हणून यांनी गाडी बंद केली. मी इतकी शांतता कधी ऐकली नव्हती! मग चारी बाजूंनी पावलं वाजायला लागली. खर्र... थप. खर्र... थप. मी गुड्डीला पदरात घेतलं. "अहो, कोणीतरी चालून राह्यलं!"

"पानं हायेत. सागाची. गळून राह्यली."

तेवढ्यात टोपलीएवढं एक पान बॉनेटवर धप्पकन पडलं. सासूबाईंनी ते उचललं, उलटसुलट पाहिलं, पुसलं आणि त्यावर दशम्या वाढायला घेतल्या. म्हणाल्या, "जंगलानं ताट देल्लं, आता भेता काहून?"

*

पुढे एका चहाच्या टपरीसमोर धुळीत एक टोपली पालथी घातलेली होती. मला वाटलं, खाली कोंबडीची पिल्लं असतील. गुड्डी उचलायला धावली, तर चहावाली ओरडली, "हळू वं बाई! खाली वाघाचा पंजा हाय!"

खरंच होता! मऊ धुळीत उमटलेला, जसाच्या तसा. म्हणाली, "फॉरेस्टवाले पाहाले येतीन. कोंबड्या इस्कटतेत, म्हून झाकला."

मी विचारलं, "तुमाले भेव नाही वाटत?"

"त्याचा रस्ता त्याले ठाऊक, माहा मले. साखर कमी टाकू का?"

गुड्डीनं कोणी अडवायच्या आत आपलं पाऊल त्या पंजात ठेवलं. अख्खं मावलं, तरी भोवती जागा उरली. चहा निवून गेला.

*

खाण मी बोगद्यासारखी समजत होते. तारेच्या कुंपणाजवळून पाहिलं, तर जमिनीचा पोटापर्यंतचा भाग कोणी कापून नेलेला! पायऱ्या-पायऱ्यांनी खाली, खाली, अगदी खाली काळा तळ, आणि त्यात आगपेटीएवढ्या पिवळ्या गाड्या. हे म्हणाले, "तो डंपर. तसाच मले चालवाचा हाय."

मी म्हटलं, "एवढुसा?"

मग एक जवळून गेला. त्याचं चाक यांच्या डोक्यावर हातभर उंच! गुड्डी बापाकडे पाहून म्हणाली, "बाबा इवले!"

सासूबाईंना वेगळंच टेन्शन. "इतक्या वर बसशीन, तं डबा कसा पोचवाचा बाप्पा?"

*

वंदनाताईच्या अंगणातल्या ओट्यावर सासूबाई जरा टेकल्या. उठल्या तर लुगड्यावर मागे काळा ठसा! दोनदा झटकला, आणखीच पसरला.

वंदनाताई हसून म्हणाली, "माय, शिक्का बसला. आता तू इथचीच!"

*

त्याच दुपारी आम्ही जेवत होतो. बाहेर खाणीचा हूटर वाजला. वंदनाताई बोलता बोलता उठली, एक हात भांड्यांच्या मांडणीवर ठेवला, दुसरा देवाच्या फोटोवर, आणि तशीच बोलत राहिली. भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, "धरलं का वं?"

"धरलं!"

मग धम्म! आवाज कानात नाही, तळपायात आला. फरशी खालून कोणी ढकलल्यासारखी. ताटातली डाळ थरथरली. वंदनाताई खाली बसली. "ब्लास्टिंग हाय. रोजचंच. भाजी घ्या ना."

गुड्डी जी किंचाळली, ती दिवेलागणीपर्यंत माझ्या गळ्यातून सुटली नाही. मी यांना सांगून टाकलं, "तुमी खुशाल राहा. मी लेकराले घेऊन इथं राहाची नाही."

यांनी नुसती मान हलवली.

*

दुसऱ्या दिवशी निघायची तयारी. पिशवी भरली, जीपमध्ये ठेवली. तेवढ्यात हूटर! मी वळले, तर गुड्डी खोलीत नाही. अंगणात नाही. धावत स्वयंपाकघरात गेले.

ती माठापुढे उभी होती. दोन्ही तळहात माठाला घट्ट लावून, पाय फाकवून, मान वर करून.

पलीकडून शेजारीण ओरडली, "धरलं का वं?"

गुड्डी ओरडली, "धलं!"

धम्म!

आता एक काम करा. आमची इथली स्टेशनजवळची खोली पुढच्या महिन्यात रिकामी होत आहे. नळ दारात आहे, सकाळी ऊन येतं. कोणाला पाहिजे असेल, तर एवढा निरोप पोचवा.