परत आलेलं झबलं

माझ्या मुलीचं झबलं मला परत दिलं गेलं आणि मी थँक्यू म्हणालो.

एवढं सांगून थांबलो असतो तरी चाललं असतं. पण त्या दिवशी मी एका मूर्खपणावर थांबलो नाही, म्हणून पुढचं सांगणं भाग आहे.

मुलुंडमधलं घर. सातवा मजला. बारसं. हॉलमध्ये फुलांच्या माळा सोडलेला पाळणा, भोवती बायकांची गर्दी. बारसं मंदारच्या मुलाचं. मंदार माझ्या ऑफिसातला. अंधेरीला लिफ्टच्या कंपनीत आम्ही सहा वर्षं समोरासमोर बसतो, एकमेकांच्या डब्यातलं खातो. त्याच्या आईनं, काकूंनी, मला खुणेनं स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावलं. मला वाटलं, खुर्च्या हलवायला माणूस हवाय. मी बाह्या वरसुद्धा केल्या.

काकूंनी फ्रिजवरून एक खोका काढला. तो मी लगेच ओळखला. पंधरा दिवसांपूर्वी मीच दिला होता. रिबीन सोडून परत बांधलेली.

"हे घेऊन जा बाबा. डॉक्टरांनी सांगितलंय, बाहेरचे कपडे बाळाला नकोत. इन्फेक्शनचं काही सांगता येत नाही. आणि त्याची शिवणही उलटी आलीय."

"थँक्यू काकू," मी म्हणालो.

मग त्यांनी दाराआडून एक फुगलेली पिशवी पुढे केली. "आणि ही तुझ्या मुलीला. आमच्या नातीचे कपडे आहेत, मंदारच्या बहिणीकडचे. सगळं ब्रँडेड. दोन-तीनदाच घातलेलं."

"थँक्यू काकू."

"तुझी आई अजून बाळांना मालिश करायला जाते ना रे? मंदार सांगत होता, हात फार चांगलाय म्हणून. आमची बाई गावाला चाललीय. विचार ना तिला."

"विचारतो," मी म्हणालो. आणि वर आणखी म्हणालो, "डॉक्टरांचं मात्र ऐकलंच पाहिजे काकू."

हे शेवटचं मला कुणी विचारलं नव्हतं.

आता हे झबलं तिथं गेलं कसं ते सांगतो. त्यातही माझाच हात आहे. अक्षरशः.

नव्या बाळाच्या अंगावर पहिलं झबलं जुनं घालायची पद्धत आहे. दुसऱ्या बाळाचं, वापरून मऊ झालेलं. ते बाळ गुटगुटीत असावं, म्हणजे त्याची तब्येत याला लागते म्हणतात. ऑफिसच्या कँटीनमध्ये मंदार म्हणाला, "कुणाकडे एखाद्या चांगल्या धडधाकट पोराचं जुनं झबलं आहे का रे? आईला पाहिजे, शकुनाला." टेबलावर आम्ही पाच जण होतो. बाकीचे जेवत राहिले. मी हात वर केला. शाळेतही उत्तर येत नसताना मी असाच हात वर करायचो.

"आमच्या यशूचं आहे. दोन वर्षांत एकदा सर्दी झालीय फक्त."

मंदार जरा थांबला. मग म्हणाला, "हां, चालेल ना यार. आण."

तो थांबला होता, हे मला बारशाच्या दिवशी आठवलं. तोवर माझी स्मरणशक्ती खुशीत होती.

आम्ही बौद्ध. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत राहतो. मंदारला हे पहिल्या आठवड्यापासून माहीत. त्याच्या लग्नात मी पुढच्या रांगेत बसलो होतो. त्यामुळे आमच्या दोघांत तो विषय संपलाय असं मी धरून चाललो होतो. विषय संपलाय असं मंदार कधी म्हणाला नव्हता. मीच परस्पर संपवून टाकला होता.

झबलं आईनं शिवलेलं. तिच्या पांढऱ्या सुती साडीचं, निळ्या काठाची. ती साडी ती जयंतीला नेसायची. विरली तेव्हा तिनं चांगला भाग काढून यशूसाठी ठेवला. हातशिलाई, पुढे दोन बंद, गळ्याशी निळा काठ. मंदारला द्यायचंय म्हटल्यावर आईनं ते परत रिठ्याच्या पाण्यात धुतलं, उन्हात वाळवलं आणि गरम तांब्या फिरवून त्याला इस्त्री केली. घडी घालताना तिनं मला विचारलं, "घेतील ना?"

"आई, जमाना कुठल्या कुठे गेलाय."

तिनं घडी मोडली, पुन्हा घातली. "तसं न्हाई. घेतील ना?"

मला तो प्रश्नच वाटला नाही. मी खोका शोधायला गेलो. खाली उतरताना नळावर भेटेल त्याला सांगत गेलो की आमच्या यशूचं झबलं मुलुंडला सातव्या मजल्यावर चाललंय. माझी बायको सुजाता म्हणाली, "झबलंच देतोयस ना, किडनी दिल्यासारखा काय फिरतोस?"

आईनं का विचारलं, हे मला कळायला हवं होतं. तीस वर्षं तिनं मुलुंड आणि घाटकोपरच्या बिल्डिंगांमध्ये बाळं न्हाऊ घातली. मी सहा वर्षांचा असताना एकदा तिच्याबरोबर गेलो होतो. न्हाणीघरात पाटावर ती पाय लांब करून बसली, बाळ नडग्यांवर पालथं घेतलं, तेल लावलं, डाळीच्या पिठानं चोळलं, आंघोळ घातली. बाळ रडायचं थांबलं. मग तिनं त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि दोन्ही हातांनी समोर धरलं. त्या घरच्या आजीनं ते घेतलं. पावडर, काजळ, झबलं, टोपरं सगळं आजीनं केलं. आई भिजल्या साडीनं दाराशी उभी.

परत येताना मी विचारलं, "कपडे तू का नाही घातलेस?"

"आपलं काम आंघोळीपर्यंत."

त्याच घरून त्या दिवशी मला एक स्वेटर मिळाला. लाल. छातीवर पांढऱ्या लोकरीत नाव विणलेलं, रोहन. मुंबईत स्वेटर लागतो किती? पण माझ्याकडे दुसरं एवढं चांगलं काही नव्हतं, म्हणून मी तो मार्चपर्यंत घातला. घाम गळायचा. शाळेत पोरं मला रोहन म्हणायला लागली. मी ओ द्यायचो. एकदा बाईंनी हजेरीत माझं खरं नाव घेतलं आणि मी गप्प बसलो, माझी गैरहजेरी लागली. वर्गात बसून गैरहजर राहिलेला मी पहिलाच असेन. ही गोष्ट मी इतकी वर्षं हसवायला सांगत आलो. लोक हसतात. मीही हसतो.

तर बारसं. हातात खोका आणि पिशवी घेऊन मी हॉलच्या कडेला उभा राहिलो. बाळाला रेशमी कुंची घातलेली. काकूंनी त्याला पाळण्यात ठेवताना कुंची वर सरकली आणि आतलं झबलं दिसलं. पिवळं, धुऊन धुऊन फिकं पडलेलं. एका बाईंनी विचारलं, "अगंबाई, आत जुनं झबलं?"

"शकुनाचं आहे ना," काकू म्हणाल्या. "समोरच्या ब्लॉकमधल्यांच्या नातवाचं. चांगल्या घरातलं मिळालं."

चांगल्या घरातलं.

मी तिथंच होतो. चार हातांवर. काकूंनी आवाज खालीही केला नाही. करायचं काही कारण त्यांना वाटलं नसावं.

म्हणजे इन्फेक्शन समोरच्या ब्लॉकमधून येत नव्हतं. घाटकोपरच्या डोंगरावरून येत होतं. आणि तेसुद्धा झबल्यातून. आईच्या हातांतून येत नव्हतं. त्यांची उतरलेली पिशवी माझ्या मुलीपर्यंत येऊ शकत होती. माझ्या मुलीचं उतरलेलं त्यांच्या फ्रिजपर्यंतच पोचलं.

मी लगेच निघून आलो, असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी निघालो नाही. घुगऱ्या खाल्ल्या. दोनदा घेतल्या. ग्रुप फोटोला उभा राहिलो. तो फोटो नंतर सगळ्यांना आला. त्यात मी कडेला आहे, पिशवी पोटाशी धरून हसतोय.

घरी आलो तर यशूनं पिशवीवर झडप घातली. फ्रॉक, पायमोजे, लोकरीचं टोपरं, आणि तळाशी गुलाबी बूट. पाय टेकला की पीं करून वाजणारे. तिनं ते उलटसुलट पायांत घातले आणि घरभर चालली. पीं पीं. पीं पीं. असे बूट तिनं दुसऱ्यांच्या पायांत पाहिले होते.

आईची नजर खोक्यावर होती.

"ल्हान झालं का बाळाला?"

मी म्हणालो, "डॉक्टरांनी नको म्हटलंय." मग काही सुचेना म्हणून म्हणालो, "आणि शिवण उलटी आलीय म्हणे."

"उलटी?"

तिनं खोका उघडला. झबलं काढून मांडीवर पसरलं. शिवणीवरून बोट फिरवलं. "आतून टोचतं बाळाला. म्हणून बाहेर घेतलीय शिवण. चार दिवसांच्या लेकराचं कातडं कसं असतं, ठाऊक न्हाई का त्यांना?"

तिचा आवाज चढला नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. डॉक्टरांचं कारण तिनं ऐकून सोडून दिलं होतं, पण तिची शिवण चुकली म्हटल्यावर तिचे डोळे भरले. मग मी सगळं सांगितलं. समोरचा ब्लॉक. चांगलं घर. पिशवी. दोन थँक्यू. आणि मालिशचा निरोप. तोही दिला, कारण विचारतो असं मी कबूल केलं होतं. मी शब्दाचा पक्का माणूस.

सुजाता म्हणाली, "तू तिथं जेवलास?"

"घुगऱ्याच फक्त."

आई म्हणाली, "फोन लाव त्यांना."

मी मंदारच्या घरी फोन लावला, काकूंनी उचलल्यावर माझं नाव सांगितलं. आईनं स्पीकरवर ठेवायला सांगितलं.

"ताई, मी याची आई बोलते. मालिशचं म्हणालात. येते मी. आंघोळ घालीन, शेक देईन, सगळं करीन."

"अरे वा, बरं झालं बाई. उद्यापासून?"

"उद्यापासून. पण कपडे बी मीच घालीन बाळाला. आणि पहिल्या दिवशी आमच्या यशूचं झबलं घालीन. धुतलेलं हाय. चालंल का?"



"नाही, म्हणजे कपडे आमच्याकडे खूप आहेत हो."

"माझ्याकडे बी बाळं खूप होती ताई. तीस वर्षं टॉवेलात गुंडाळून दिली. आता तशी देणार न्हाई. घ्यायचं तर झबल्यासकट हात घ्या."

फोन कट झाला. आईनं मोबाईल माझ्या हातात दिला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "पोरीच्या पायातले बूट काढ."

हे काम माझ्यावर आलं. यशू पलंगाखाली शिरली. मी तिला ओढून काढलं. एक बूट निघाला, दुसऱ्यासाठी तिनं पाय झाडला, तो मला लागला. "माझे हायेत," ती रडत म्हणत होती, "बाबा, माझे हायेत." दोन वर्षांच्या पोरीला काय सांगायचं? रोहनच्या स्वेटरची गोष्ट तिच्यापुढे हसवत सांगता येत नव्हती. ती रडून झोपली. एक मोजा हातात धरून. तोही मी काढून पिशवीत टाकला. ते करताना मला जे वाटलं त्याला काकू जबाबदार आहेत, आणि तो हात वर करणारा मीही.

सकाळी पिशवी घेऊन ऑफिसला निघालो. मेट्रोत पिशवी मांडीवर. जरा दाबली गेली की आतून पीं. समोरची मुलगी हसली. बाजूच्या काकांनी पिशवीकडे पाहिलं. घाटकोपर ते अंधेरी मी पिशवीला श्वाससुद्धा लागू न देता बसलो होतो, आणि ती प्रत्येक स्टेशनला वाजत होती.

मंदारच्या टेबलावर ठेवली. तिथंही वाजली. आजूबाजूचे वळून बघायला लागले.

"हे काय?"

"परत आणलंय. आईही येणार नाही."

"यार, माझ्या आईचं मनावर घेऊ नकोस. जुन्या वळणाची आहे ती."

"तुझी आई जुन्या वळणाची. तू?"

"मी काय करणार? घरात तिचंच चालतं."

"पोरगा तुझा आहे. झबलं तू मागितलं होतंस. दोन बंद बांधायचे होते फक्त."

"तू फार पर्सनली घेतोयस."

"माझ्या पोरीच्या अंगावरचं होतं मंदार. आणखी किती पर्सनल पाहिजे?"

त्यानं पिशवी टेबलाखाली सरकवली. मी माझ्या खुर्चीत बसलो. खुर्ची समोरचीच आहे, उठून जायला दुसरी नाही. दुपारी डबा मी एकट्यानं खाल्ला. त्यानं सवयीनं चमचा पुढे केला आणि मागे घेतला. सहा वर्षांचं एवढ्यात आटपलं. मला वाईट वाटलं, ते लपवत नाही. पण ठरलं ते ठरलं. माझ्या मुलीच्या अंगावर आता कुणाचं उतरलेलं चढणार नाही. नवं जमलं नाही तर तिची आजी शिवेल, शिवण बाहेर ठेवून. आणि आमचं कुणी मागितलं तर मी आधी विचारीन, माझ्या डोळ्यांदेखत घालणार का? घालणार नसाल तर मागू नका. मैत्री आहे म्हणूनसुद्धा मागू नका. मला कुणी दुसऱ्याच्या नावानं हाक मारली तर यापुढे मी ओ देणार नाही.

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा दारातल्या दोरीवर झबलं वाळत होतं. आई उंबऱ्यात बसली होती. मी छाती जरा पुढे काढून तिला सगळं सांगितलं. मंदार काय म्हणाला, मी काय म्हणालो, सगळ्यांनी कसं वळून बघितलं. एकदोन वाक्यं तिथं सुचली नव्हती, ती मी इथं घातली.

तिनं सगळं ऐकून घेतलं.

"पिशवी दिलीस?"

"दिली."

"आणि ते दोन थँक्यू? ते मुलुंडलाच सोडून आलास व्हय, खुळ्या?"