सून हसते, ही तक्रार

कितीतरी केसेस विसरलो, ही विसरलो नाही आणि विसरणारही नाही. इंटरनेटसाठी सायबर कॅफेत जावं लागायचं, तेव्हाची गोष्ट. मी भिवंडीत एका पोलीस ठाण्यात फौजदार होतो. पूर्णा गावचा एक गृहस्थ, गोदामांना जमिनी देऊन शेठ झालेला, ठाणे अंमलदाराला डावलून थेट माझ्या टेबलाशी आला.

"साहेब, आमची सून कामतघरच्या कॅफेत जाते न् कुणा बाप्याशी बोलते. त्या कॅफेवाल्याला आत टाका."

"पुरावा?"

"बाळ गेल्यापासून ती हसली न्हवती, धड जेवली न्हवती. भगताकडं नेली, गुण न्हाय. आता कॅफेतून आली की हसते, जेवते. मग लफडं हायच ना?"

मी थक्क झालो. "शेठ, हसणं कोणत्या कलमात बसतं?"

तो भडकला. एका पुढाऱ्याचं नाव घेतलं. मी म्हटलं, लावा फोन!

तरी खबर आली की पडताळायची, हा नियम. महिला शिपायाला घेऊन साध्या वेशात कॅफेत गेलो. शेठ मागोमाग आलाच. सून कोपऱ्यातल्या प्लायवूडच्या केबिनमध्ये बसलेली. कोणाशी बोलता, असं मी दरडावून विचारलं. घाबरेल असं वाटलं होतं, पण कसली घाबरते! तिने मॉनिटर माझ्याकडे फिरवला.

"वाचा साहेब. चोरी न्हाय केली मी."

मनाने खचलेल्या माणसांचा तो फोरम होता. एकमेकांना कधी न पाहिलेली माणसं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत होती. शेठचा तो 'बाप्या' म्हणजे नागपूरकडची एक बाई निघाली. तिचंही मूल गेलेलं. रोज ती हिला एकच विचारायची, आज जेवलीस का?

"सासऱ्यांना वाचून दाखवाल?" मी विचारलं.

तिने स्वतःचंच लिहिलेलं मोठ्याने वाचलं. "घरात सगळे विचारतात, दुसरं कधी? माझ्या मुलीचं नाव कोणीच घेत नाही. मी इथे घेते."

शेठचा चेहरा उतरला. "चल घरी," एवढंच बोलला.

"माझा अर्धा तास बाकी हाय, बाबा. बाहेर बसा."

आणि तो मुकाट बाहेर बाकड्यावर जाऊन बसला.

'गुन्हा नाही' असा शेरा मारून मी तक्रार निकाली काढली. वरून विचारणा झाली, तेव्हा तेच उत्तर दिलं. आजही तेच देईन. सून रडते म्हणून ठाण्यात धावत आलेला सासरा मला उभ्या नोकरीत दिसला नाही. हा आला होता, ती हसते म्हणून.