सलाईनवरची गाडी

पृथ्वीच्या पोटातलं तेल ज्या दिवशी संपेल आणि अरबांचे उंट पुन्हा कामाला लागतील, त्या दिवशीही मेडशी गावात एक फटफटी चालू असेल आणि तिच्यावर माझे थोरले साडू बसलेले असतील, याबद्दल माझ्या मनात तीळमात्र शंका नाही. टाकीत तेव्हाही पावशेर पेट्रोल शिल्लक असेल, आणि ते नेमकं कुठवर पुरेल हे ते वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत असतील. मात्र त्यांना कंजूष म्हणाल तर तोंड सांभाळा. त्यांच्या घरी गेलेला माणूस जेवल्याशिवाय उठत नाही, आणि भाकरीवर तूप वाढताना त्यांचा हात आखडलेला मी कधी पाहिला नाही. पेट्रोल वाचावं अशी त्यांची इच्छाच नसते. अमुक केलं की पेट्रोल वाचतं असं जे लोक म्हणतात, ते खरं की खोटं, एवढंच त्यांना बघायचं असतं. या बघण्यात आजवर किती पेट्रोल खर्ची पडलं, ते कोणी विचारू नये.

हा रोग नोकरीतून लागला. सगळी नोकरी त्यांनी गावोगाव हिंडून विजेचे मीटर वाचण्यात घालवली. घरधनी शपथेवर सांगायचा की घरात एकच दिवा जळतो, आणि भिंतीवरचा मीटर भलतंच काही सांगायचा. त्यातून त्यांचं सगळं तत्त्वज्ञान तयार झालं. "मीटर खोटं नाही बोलत राजेहो, मानूस बोलते." निवृत्त झाल्यावर वाचायला लोकांचे मीटर उरले नाहीत, तेव्हा त्यांची नजर स्वतःच्या गाडीकडे वळली. गाडी बिचारी तोवर सुखात होती.

पहिला प्रयोग पहाटेच्या पेट्रोलचा. पहाटे पेट्रोल थंड असतं, थंड म्हणून दाट असतं, दाट म्हणून जास्त मिळतं, हे आमच्या भागात शाळेच्या पुस्तकापेक्षा जास्त लोकांना पाठ आहे. साडू जानेवारीच्या कडाक्यात मफलर गुंडाळून पंपावर हजर झाले आणि खिशातून घरचा ताप मोजायचा थर्मामीटर काढून त्यांनी गाडीच्या नुकत्याच भरलेल्या टाकीत बुडवला. पंपावरचा पोरगेला माणूस घाबरून म्हणाला, "काका, पेट्रोलले ताप आला काय?" पारा जागचा हलला नाही. दुपारी बाराला पुन्हा जाऊन बुडवला, तेव्हाही हलला नाही. साडूंनी जाहीर केलं, "पहाट अन् दुपार, सारखंच हाय. लोकं खोटे." ताप मोजायचं यंत्र थंड पेट्रोलचं काय मोजणार, हे मी त्यांना सांगितलं नाही, कारण पंपाची टाकी जमिनीखाली असल्यामुळे त्यांचा निष्कर्ष बरोबर होता. त्यानंतर त्या घरात कोणालाही ताप आला तरी कपाळाला हात लावूनच मोजतात.

दुसरा प्रयोग डांबरगोळ्यांचा. टाकीत दोन गोळ्या टाका, गाडी वाऱ्यासारखी पळते, असं कोणीतरी बाजारात सांगितलं. साडूंनी ताईच्या ट्रंकेतल्या सहाच्या सहा गोळ्या टाकल्या. ताई म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, या महापुरुषाची धर्मपत्नी. गाडी पळाली नाही, खोकली मात्र जोरात. आठवडाभर ती रस्त्याने गेली की मागे ठेवणीतल्या कपड्यांचा वास दरवळायचा. ट्रंकेतल्या शालूला कसर लागली ती वेगळीच. "गाडीले वास आला अन् माह्या शालूले भोकं पडले," एवढंच ताई म्हणाली. तेव्हा ती अजून समजूतदार होती.

उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडून द्यायची, हाही एक लाडका समज. मेडशीजवळच्या उतारावर साडूंनी चावीच बंद केली. गाडी सुसाट निघाली, आणि पुढे बकऱ्यांचा कळप आडवा आला. चावी बंद म्हणजे हॉर्नही बंद. आमचे साडू तोंडाने "पोंऽऽ पोंऽऽ" करत त्या कळपातून आरपार गेले. कळपवाला मागून ओरडला, "काका, आवाज चांगला हाय, भजनात या!"

पण या सगळ्यांवर कडी केली ती सलाईनच्या बाटलीने. गाडीचा अ‍ॅव्हरेज तपासायची मिस्त्री लोकांची एक रीत आहे. टाकीची नळी काढून ठेवायची, बाटलीत मोजून शंभर मिली पेट्रोल घ्यायचं, तिची नळी इंजिनला जोडायची, आणि गाडी बंद पडेपर्यंत चालवायची. किती गेली ते मोजलं की हिशेब लागला. मिस्त्री हे वर्षातून एकदा करतात. साडूंनी दवाखान्यातून रिकामी सलाईनची बाटली आणली आणि ती हँडलवर उभ्या केलेल्या सळईला कायमची टांगली. "भाऊ, गाडीले काय झालं?" असं कोणी विचारलं की गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "डेंगू." जगात सगळ्यांची गाडी बंद पडली की चेहरा पडतो. यांचा खुलायचा.

इथवर सगळं गंमतीत चाललं होतं. मग त्यांनी डबल सीटचा विषय घेतला.

जऊळक्याला नात्यातलं लग्न होतं. ताई नवी साडी नेसून, मांडीवर आहेराचं पातेलं घेऊन मागे बसली. मालेगावच्या अलीकडे एका फाट्यावर बाटली संपली आणि गाडी थांबली. एसटीची वाट बघणारी दहा-बारा माणसं तिथं उभी होती. साडूंनी आकडा बघितला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुह्यापाई पाऊण किलोमीटर कमी आली!" इथं थांबले असते तरी निभावलं असतं. पण खरा प्रयोग दोन्ही बाजूंनी करावा लागतो. "तू इथंच थांब. मी घरून एकटा येतो, मंग फरक पक्का समजन," असं म्हणून त्यांनी भर एप्रिलच्या उन्हात पातेल्यासकट बायकोला फाट्यावर सोडलं आणि टाकीची नळी जोडून गाडी वळवली. ते आनंदाने परत आले तेव्हा फाट्यावर कोणीच नव्हतं. ताई एसटीने लग्नाला पोचली होती. हे पोचले तेव्हा पंगती उठल्या होत्या, आणि मांडवात सगळ्यांसमोर ताईने सांगून टाकलं, "आजपासून मी तुमच्या गाडीवर बसली तं माह्या बापाचं नाव सांगनार नाई."

आणि ती खरंच बसली नाही. दर रविवारी तिला इंझोरीला आईकडे जायचं असे. आई म्हणजे माझ्या सासूबाई, थकलेल्या, लेकीची वाट बघत ओसरीवर बसणाऱ्या. साडू आधी तिला गाडीवर न्यायचे. आता ताई दोन ठिकाणी एसटी बदलत जाऊ लागली, आणि बस चुकली की रविवार बुडू लागला. साडूंना हे मनातून खात होतं. माफी मागायची तर पुरावा हवा, म्हणून त्यांनी ताईच्या वजनाएवढं सोयाबीनचं पोतं मागच्या सीटवर बांधलं आणि बाटली लावून गाडी पळवली. धावत घरात आले, ताईसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "अवं, तुहा काही दोष नाई! पोत्यानंबी तेवढीच कमी येते. तुह्यात अन् पोत्यात काहीच फरक नाई!"

पुढचे आठ दिवस त्या घरात फक्त रेडिओ बोलत होता.

मी आणि बायको एकदा त्यांच्याकडे गेलो असताना इंझोरीहून फोन आला. सासूबाई चक्कर येऊन पडल्या, बोलत नाहीत. बस तर निघून गेलेली. माझ्या गाडीवर माझी बायको, म्हणजे ताईला जागा एकच उरली, साडूंच्या मागची. ताई अंगणात उभी राहिली, डोळे भरलेले, पण पाय हलेना. साडूंनी सलाईनची बाटली सोडवली, सळई उपटली, दोन्ही गोठ्यात फेकलं आणि टाकीची नळी जोडली. मग ताई बसली. तिचा हात त्यांच्या खांद्यावर नव्हता, सीटच्या कडीवर होता. पंपावर टाकी फुल करून आम्ही निघालो. मी मागून बघत होतो. हा माणूस एकेक खड्डा चुकवत, डोक्यावर भरली घागर असल्यासारखी गाडी चालवत होता. उतारावर त्याने इंजिन बंद केलं नाही. मंगरूळपीर ओलांडल्यावर माझ्या बायकोने मला कोपराने ढोसलं. ताईचा हात कडीवरून खांद्यावर गेला होता.

सासूबाईंची साखर कमी झाली होती. आम्ही पोचलो तेव्हा त्या बाजेवर बसून गूळ खात होत्या. दोघांना गाडीवरून उतरताना पाहून म्हणाल्या, "अवं माय, बरं झालं मी पडली!"

परत आल्यावर बायका घरी उतरल्या आणि साडू मला घेऊन पंपावर गेले. टाकी पुन्हा फुल केली. किती मावलं ते बघून त्यांनी बोटांवर दोनदा हिशेब मांडला. आजवर एकट्याने कधी मिळाला नव्हता, एवढा अ‍ॅव्हरेज डबल सीट मिळाला होता. "एकटा असलो का पळवतो," ते हळूच म्हणाले, "ते मांगं असली का जपून चालवतो." मी म्हणालो, "मग ताईला सांगा की!" तसे घाईघाईने म्हणाले, "नाई बाप्पा. ते म्हनन, माय पडली होती अन् हे मोजत होते." आयुष्यातला सगळ्यात मोठा शोध या माणसाने असा गिळून टाकला. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

पुढे वर्षभर सासूबाईंना लेक दर रविवारी भेटली. गेल्या दिवाळीनंतर सासूबाई गेल्या.

परवाच्या रविवारी मी मेडशीला होतो. जेवणं झाल्यावर साडूंनी गाडी बाहेर काढली, मागची सीट फडक्याने पुसली आणि दारातून विचारलं, "चालतं काय?" आतून ताईचा आवाज आला, "आता कुठी? माय तं नाई रायली." साडूंनी किक मारली, आणि गाडी जागेवरच चालू ठेवून ते उभे राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी म्हणालो, "बंद तरी करा, पेट्रोल जळतंय." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते दाराकडे बघत होते, आणि आत ताई चपला शोधत होती.