कूलरसमोरचा लॅपटॉप

"लिक्विड डॅमेज लिहा आणि क्लोज करा," सोनवणे सर म्हणाले. मी लॅपटॉपचं मागचं झाकण काढून पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

एका लॅपटॉप कंपनीच्या लातूरच्या सर्व्हिस सेंटरला मी अकरा वर्षं टेक्निशियन आहे. सोनवणे सर आमचे मॅनेजर, नांदेडच्या सेंटरवरून बदलून आलेले. माणूस वाईट नाही, पण त्यांना केस क्लोज करायची लई घाई असते. माझ्या टेबलावर होता एक गेमिंग लॅपटॉप. मालकीण गौरी, उदगीरची, वय तेवीस. ती गेम खेळत नाही. बिल्डर लोकांच्या अजून न बांधलेल्या इमारती ती थ्रीडीत उभ्या करते. त्या कामाला गेमिंग लॅपटॉपच लागतो, कारण त्यात चित्रं काढायला वेगळी, दणकट चिप असते. ती जोरात काम करते आणि तशीच जोरात तापते. हैदराबादच्या एका स्टुडिओनं गौरीला ट्रायलवर घेतलं होतं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत एक व्हिडिओ पाठवायचा होता. आवडला तर नोकरी, नाहीतर रामराम. आज बुधवार होता, आणि लॅपटॉप दर पंधरा मिनिटांनी तापून बंद पडत होता.

सोबत तिचे वडील, बसवराजअप्पा. उदगीरला किराणा दुकान, कपाळावर भस्म. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून एसटीत मांडीवर धरून आणला होता त्यांनी.

आता लिक्विड डॅमेज म्हणजे काय, तर मशीनवर पाणी सांडलंय असं आम्ही लेखी द्यायचं. मग वॉरंटी संपली. लॅपटॉपच्या आत एक बारका पांढरा स्टिकर असतो, ओल लागली की तो लाल होतो. इथं तो लाल झाला होता. शिवाय फॅनच्या तोंडाशी धातूच्या बारीक पट्ट्या असतात, गरम हवा त्यांतून बाहेर पडते. त्या पट्ट्यांवर पांढरा थर बसलेला, बोअरच्या पाण्यानं नळाच्या तोटीवर बसतो तसा.

मी काउंटरवर जाऊन विचारलं, "याच्यावर पाणी सांडलं का?"

"न्हाई मॅडम, थेंब न्हाई सांडला," अप्पा म्हणाले. "पण कूलर लावला होता. मीच लावला. पोरीचं मशीन तापून राहिलं होतं, म्हणलं थंड हवा लागंल. दिवसभर तोंडासमोरच ठेवला त्याच्या."

"अप्पा, कशाला सांगता हे सगळं?" गौरी दबक्या आवाजात म्हणाली.

"लपवायचं काय त्यात? आपण चोरी केली का?"

माझ्या मागं सर येऊन उभे होते. "बघा, कस्टमर स्वतः कबूल करून राहिले. लिहून टाका."

कूलरची हवा ओली असते. पाणी बोअरचं, म्हणजे त्यात क्षार. ते दिवसभर लॅपटॉपच्या पोटात जात राहिले. अप्पांनी चूक केलीच होती, त्यात वाद नाही. पण माझं डोकं फिरलं ते वेगळ्या कारणानं.

"सर, कूलर का लावला, ते तरी विचारा की."

"ते आपलं काम न्हाई."

"मग कुणाचं हाय?"

मी टेबलाशी आले, झाकण उघडं ठेवूनच मशीन चालू केलं. लॅपटॉप स्वतःची डायरी ठेवत असतो. कधी चालू झाला, कधी बंद पडला, कशामुळं पडला, सगळं त्यात असतं. गौरीनं लॅपटॉप संक्रांतीला घेतलेला. तापून बंद पडल्याची पहिली नोंद त्यानंतर तिसऱ्याच आठवड्यातली निघाली, ऐन थंडीतली.

मी तिथूनच विचारलं, "अप्पा, कूलर माळ्यावरून कधी काढला?"

"होळी झाल्यावर."

म्हणजे कूलरमुळं लॅपटॉप तापला नव्हता. लॅपटॉप तापला म्हणून बिचारा कूलर आला होता.

मग मी हीटसिंक काढायला घेतला. हीटसिंक म्हणजे चिपवर बसवलेली तांब्याची पट्टी, ती चिपची गरमी ओढून फॅनकडं नेते. दोघींच्या मध्ये थर्मल पेस्ट नावाचं राखाडी मलम लावतात, जेणेकरून फट राहू नये. पट्टी चार स्क्रूंनी आवळतात. इथं एक स्क्रू अर्धाच फिरवलेला होता, आणि त्याच्यावरचं फॅक्टरीचं सील शाबूत. पट्टी एका बाजूनं उचललेली. फोटो काढून पट्टी सोडवली, तर पेस्ट अर्ध्या चिपला चिकटलेली, उरलेल्या अर्ध्या भागाला पट्टीचा स्पर्शच नाही. फॅक्टरीतून निघाला तेव्हापासून हा लॅपटॉप असाच होता.

मी सरांना बोलावून दाखवलं. त्यांनी पाहिलं.

"वंदना, हे मला दिसतंय. पण कंपनीला लाल स्टिकर दिसणार. उगं खालीफुकट वाद होईल, आणि रिपोर्टवर नाव तुमचं जाईल."

"जाऊ द्या की. माझंच नाव हाय, उसनं थोडंच आणलंय?"

मी एकूण आठ फोटो काढले. रिपोर्टमध्ये दोन्ही बाजू लिहिल्या: स्टिकर लाल आहे, कूलरचे क्षार आहेत, आणि मूळ दोष स्क्रूचा आहे. डायरीच्या नोंदी जोडल्या. माझ्या लॉगिननं सबमिट केलं.

नियम असा की तपासणी झाल्यावर कंपनीचं अप्रूव्हल येईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. त्याला आठवडा तरी जातो. मी हे गौरीला सांगितलं तर ती लॅपटॉप उचलायलाच लागली.

"द्या मग तसाच. खाली बर्फाच्या पिशव्या ठेवून करीन. शुक्रवार सोडणार न्हाई मी."

"बर्फ ठेवलास तर मीच तुला बदडीन. बस तिथं."

या पोरीला मी आठवडाभर थांबवायचं, तेही दुसऱ्यानं सैल सोडलेल्या स्क्रूपायी? मला ते पटेना. पट्ट्यांवरचा थर ब्रशनं साफ केला. जुनी पेस्ट पुसली, नवी लावली. चारी स्क्रू तिरक्या क्रमानं, थोडे थोडे करत आवळले. गौरीला म्हटलं, तुझं सगळ्यात जड काम लाव. दोन तास चाललं. पूर्वी जो अठ्ठ्याण्णव डिग्रीला पोचून बंद पडायचा, तो ब्याऐंशीच्या वर गेला नाही.

सर केबिनमधून बाहेर आले. "अप्रूव्हलशिवाय हात लावला?"

"लावला."

"मेमो मिळेल."

"द्या."

निघताना अप्पांनी विचारलं, "मॅडम, मग कूलरचं काय करू?"

"त्याच्यासमोर तुम्ही बसा," मी म्हटलं. पोरीनं पहिल्यांदाच हसून बापाकडं पाहिलं.

शुक्रवारी दुपारीच तिचा व्हिडिओ गेला आणि पुढच्या आठवड्यात नोकरी पक्की झाल्याचा फोन आला. कंपनीनं दोष मान्य करून नवा हीटसिंक पाठवला, दहाव्या दिवशी. लॅपटॉप वापरणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की मशीन पहिल्यांदा बंद पडलं तो दिवस लिहून ठेवा, आणि त्याला कूलर दाखवू नका.

मेमो मात्र लगेचच्याच सोमवारी आला होता. अप्रूव्हलशिवाय मशीनमध्ये नेमकं काय केलं आणि का केलं, याचा चोवीस तासांत लेखी खुलासा द्या. खुलाशाला अख्खं पान कोरं सोडलेलं होतं. मी लिहिलं, "स्क्रू सैल होता म्हणून आवळला," आणि खाली सही केली.