अनुसयाबाई खोटं बोलल्या नाहीत

अनुसयाबाई साळवे सुरतेतल्या आमच्या डिंडोलीच्या गल्लीत राहायला आल्या तेव्हा एकट्याच होत्या. एक पत्र्याची पेटी, एक स्टोव्ह आणि भिंतीवर टांगायला लाकडाचा साधा क्रूस, एवढंच सामान. आमची गल्ली सगळी खानदेशी. कुणी अमळनेरकडचं, कुणी शिंदखेड्याचं, पुरुष मागावर नाहीतर साड्यांच्या घडीकामावर. अनुसयाबाई जालन्याकडच्या. बोली वेगळी, देव वेगळा. सुरुवातीला बायका जरा लांबच राहिल्या. पण बाई एका खासगी दवाखान्यात आयाचं काम करायच्या, आणि बाळंतीण अडली, लेकरू तापलं की हक्कानं हाक मारावी असं गल्लीत दुसरं कोण होतं? वर्षभरात त्या सगळ्यांच्या मावशी झाल्या.

नवऱ्याला त्या मागे जालन्याकडंच सोडून आल्या होत्या. त्याचं नाव किसन. गवंडी होता, हाताला चांगला, पण पिऊन आला की मारायचा. सासू म्हणायची, देवाची मर्जी. त्यांच्या ख्रिस्ती मंडळीतले वडीलधारेही म्हणायचे, आपल्या वाट्याचा क्रूस समजून वाहा. एकदा किसननं बाईंचा हात मोडला आणि त्या मिशनच्या दवाखान्यात पडून होत्या. तेव्हा तिथले म्हातारे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, भेटायला आले. बाईंनी त्यांना विचारलं, देवानं हे माझ्याच वाट्याला का दिलं? पाळक खुर्ची ओढून जवळ बसले आणि म्हणाले, "देवानं नाही दिलं, बाई. किसननं दिलं. न मारण्याची मोकळीक देवानं त्यालाही दिली होती."

हे बाई आम्हाला पुष्कळदा सांगायच्या. म्हणायच्या, त्या दिवशी माझ्या उरावरचा धोंडा उतरला. तोवर मला वाटायचं, देवच त्याच्या हातानं मला मारतोय. मग कळलं, देव माझ्या बाजूला उभा आहे आणि किसनला विचारणार आहे. हात बरा झाल्यावर त्या माहेरी गेल्या नाहीत, सासरीही गेल्या नाहीत. ओळखीच्या एका नर्सबाईच्या आधारानं थेट सुरतेला आल्या.

चौऱ्याण्णव सालच्या सप्टेंबरात, गणपतींचं विसर्जन होऊन गेलं आणि शहरात प्लेग आल्याची बातमी पसरली. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना सांगायला नको. तोंडाला रुमाल बांधून माणसं मिळेल त्या वाहनानं निघाली. औषधाच्या दुकानात प्लेगवरच्या कॅप्सूल मिळेनात. आमची गल्ली बघता बघता ओस पडली. जे निघाले नव्हते ते गाठोडी बांधत होते. अनुसयाबाईंचा दवाखानाही बंद झाला.

त्यांच्या मंडळीतले काही लोक रविवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला जमले होते. तिथं एकजण म्हणाले, हा सुरतेच्या पापांवर आलेला देवाचा कोप आहे. बाई सहसा चारचौघांत बोलायच्या नाहीत, पण त्या दिवशी बोलल्या. म्हणाल्या, आमच्या गल्लीत महिन्याचं लेकरू तापलंय, त्यानं कोणतं पाप केलं? रोग हा रोग आहे. रोग आल्यावर आपण काय करतो, त्याचा निवाडा होईल. सगळ्यांनाच घरी जायची घाई होती.

बाईंच्या भिंतीला भिंत लागून चिंधा पाटलाचं घर होतं. हा अमळनेरकडचा, जवळच्या कडोदऱ्याला मागावर कामाला. घरात बायको रंजना, मुलगा ललित आणि आई सरलाबाई. चिंधा अगदी साधा माणूस. आईचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. पगाराच्या दिवशी तिच्यासाठी आठवणीनं घारी, ती सुरती मिठाई, आणायचा. त्या धामधुमीत सरलाबाईंना ताप भरला. हुडहुडी, उलट्या, अंग तव्यासारखं. दुसऱ्या दिवशी सकाळी चिंधाच्या घरातला आवाज थांबला. बाईंना वाटलं, आईला घेऊन ही मंडळी गावाकडे गेली.

दुपारी त्या स्वतःची पिशवी भरत होत्या. भिंतीपलीकडून भांडं पडल्याचा आवाज आला, मग कण्हणं. बाई बाहेर आल्या. चिंधाच्या दाराला बाहेरून कडी होती. त्यांनी ती काढली. आत सरलाबाई जमिनीवर पडलेल्या होत्या आणि पाण्याचा तांब्या लवंडलेला होता.

बाईंनी पदर तोंडाला बांधला, म्हातारीला पाणी पाजलं, अंग पुसलं. कोपऱ्यावरच्या शालिग्राम भाजीवाल्याची लारी, म्हणजे हातगाडी, मोकळी उभी होती. शालिग्राम गावाला निघायच्या तयारीत होता. त्यानं लारी दिली, आणि जरा घुटमळून स्वतःही ढकलायला आला. दोघांनी म्हातारीला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी वेगळं ठेवलं, रक्त तपासलं. प्लेग नव्हता, साधा हिवताप होता. चार दिवसांनी सरलाबाई चहा मागायला लागल्या. बाईंनी त्यांना आपल्याच खोलीत आणलं.

शहर सावरलं, माणसं परतली. चिंधाही आला. आई जिवंत आहे हे त्याला कडोदऱ्याच्या नाक्यावरच कुणीतरी सांगितलं होतं. तो गल्लीत शिरला तो मान खाली घालून. सरलाबाई दारातच बसल्या होत्या. लोक जमले तसं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की मीच याला हट्टानं घालवलं, नातवाला घेऊन जा म्हणून शपथ घातली. लोकांनी मान डोलावली. असल्या वेळी माणूस काय करणार, असं म्हणाले. कडीची गोष्ट अनुसयाबाई कुणाजवळ बोलल्या नाहीत. ती पुढे चिंधानंच सांगितली, म्हणून आज मी सांगू शकतो.

सगळं पहिल्यासारखं झालं असं वाटलं. पण चिंधा वाळत चालला. मागावर उभा राहायचा आणि तुटलेला धागा त्याला दिसायचा नाही. आईसमोर जेवायला बसेना. तापीवर जाऊन अंघोळ केली, गावाकडे जाऊन नवस फेडला, भगताकडून अंगारा आणला. मित्र म्हणायचे, नशिबात होतं, तुझी मती फिरली, त्यात तुझं काय? रंजना म्हणायची, सगळेच पळाले होते. जो तो त्याला दोषातून सोडवत होता, आणि तो आणखी खचत होता.

दिवाळी झाल्यावरच्या एका रविवारी बाई उपासनेहून परतल्या तर चिंधा त्यांच्या उंबऱ्यावर बसलेला. बाईंनी पाणी दिलं. त्यानं ते हातात धरून ठेवलं.

"मावशी, त्या दिवशी दार तुम्हीच उघडलं ना?"

"मीच उघडलं."

"कडी कुठून होती?"

त्याला काय ऐकायचं आहे हे त्यांना कळेना. मग म्हणाल्या, "बाहेरून."

चिंधा बोलू लागला. आईच्या तापाची कुणकुण लागली तर गल्लीतले लोक ट्रकमध्ये घेणार नाहीत, ही भीती होती. ती हाका मारत दारात आली असती. म्हणून कडी घातली. ललितला पोचवून लगेच परत येऊ असं मनाला सांगितलं, आणि गावात पोचल्यावर पाय उचलला नाही. शेवटी म्हणाला, देवानंच माझी बुद्धी फिरवली असेल, मावशी.

"देवाचं नाव मधे आणू नको," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. लेकराच्या पायातला काटा काढताना बोलावं तसं त्या बोलत होत्या. "तुला थांबता येत होतं. निदान मला सांगून जाता येत होतं. तू नाही केलंस. तू पाप केलंस, चिंधा."

चिंधानं हातातला पेला खाली ठेवला आणि तो ढसाढसा रडायला लागला. बाईंनी त्याला रडू दिलं. बऱ्याच वेळानं तो म्हणाला की इतके दिवस मी वाट बघत होतो, कुणीतरी हे म्हणेल म्हणून. सगळे म्हणतात काही झालंच नाही. जे झालंच नाही त्याची माफी कुणाकडं मागू?

मग डोळे पुसून त्यानं विचारलं, "तुमच्या देवानं माणूस असा बनवलाच कशाला? वाईट करताच येणार नाही असा बनवायचा होता."

बाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्या त्याच्यासमोर खाली बसल्या.

"तुझा माग कधी पाप करतो का? नाही करत. पण तो कुणावर मायाही करत नाही. ज्याला नाही म्हणता येतं, त्याच्याच हो म्हणण्याला काही किंमत. त्या दिवशी मीसुद्धा पिशवी भरली होती, बाबा. आवाज ऐकूनही मला निघून जाता आलं असतं. एक पाऊल मी दाराकडं टाकलं आणि एक रस्त्याकडं. देवानं मला ढकललं नाही. ढकललं असतं तर ती तुझ्या आईवरची माया माझी कशी म्हणायची?"

"आणि निवाडा? तो खरंच होतो?"

"होणार. तुझा, माझा, सगळ्यांचा."

"भीती नाही वाटत?"

"वाटते ना. पण निवाडा नसता, तर बंद खोलीत तुझ्या आईनं काय सोसलं ते कुणी विचारलंच नसतं. देव विचारणार आहे. विचारणारा कुणी आहे याचा मला आधार वाटतो. आणि ज्याच्यापुढं उभं राहायचं, त्यानंच आपल्या पापांपायी क्रूसावर जीव दिलाय. तो आपल्याला पाडायला टपलेला नाही."

चिंधानं विचारलं, मग मी काय करू, तुमच्या देवळात येऊ का? बाई म्हणाल्या, यायचं की नाही ते तुझं तू ठरव, ते मी ठरवून कसं चालेल? पण आधी आईकडं जा. तिच्या वाट्याची माफी माझ्याकडं नाही.

चिंधा उठला आणि शेजारच्या दारातून आत गेला. सरलाबाई वांगी भाजत बसल्या होत्या. तो त्यांच्यासमोर जमिनीवर बसला.

"माय, कडी मीच लायेल व्हती."

सरलाबाईंनी वांगं उलटलं. मीच तुला जा म्हणून सांगितलं होतं, असं पुन्हा म्हणाल्या.

"नही माय. तू नही सांगं."

म्हातारीनं स्टोव्ह बंद केला. मग पहिल्यांदाच तिनं खरं सांगितलं. कडी लागल्याचा आवाज तिनं ऐकला होता. एकदा हाक मारली होती. मग वाटलं, हाका ऐकून पोराचा पाय अडखळेल, म्हणून तोंडात पदर कोंबून पडून राहिली. हे सांगता सांगता तिनं चिंधाच्या पाठीवर मुठी मारल्या. दुबळ्या हाताच्या, लागणार नाहीत अशा. आणि मग त्याच मुठींनी त्याचं डोकं छातीशी ओढून घेतलं.

"लई वाईट वाटनं रे माले," ती म्हणाली.

त्या दिवसापासून चिंधा आईच्या ताटाला ताट लावून जेवायला लागला. तो ख्रिस्ती झाला नाही. नाताळच्या उपासनेला मात्र दरवर्षी जायचा, मागच्या बाकावर बसायचा, गाणी येत नसत तरी उभा राहायचा. बाईंनी त्याला कधी आग्रह केला नाही.

अनुसयाबाईंची स्वतःची गोष्ट मात्र इतकी सरळ उलगडली नाही. दोन-तीन वर्षांनी किसन त्यांना शोधत सुरतेला आला. पोट फुगलेलं, डोळे पिवळे. दारूनं यकृत गेलं होतं. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, देवानं बरोबर निवाडा केला, आता बघू नका त्याच्याकडं. संध्याकाळी बाईंनी किसनला अंघोळ घातली आणि चिंधाकडून मागून आणलेलं धुतलेलं धोतर दिलं. रंजनानं विचारलं, सगळं विसरलात का मावशी? त्या म्हणाल्या, विसरले कुठं, ढग आले की हात अजून ठणकतो. पण त्यानं काय केलं ते त्याचं, आणि मी काय करायचं ते माझं.

त्यांनी किसनलाही चिंधासारखंच स्पष्ट सांगितलं होतं. तू माझ्यावर अन्याय केलास, एवढं तोंडानं कबूल कर, माझ्याकडं माफी तयार आहे. किसन म्हणायचा, मी कुठं मारलं, दारूनं मारलं. कधी म्हणायचा, तुझंच तोंड फटकळ होतं. बाई त्याला पेज भरवायच्या, कूस बदलून द्यायच्या आणि वाट बघायच्या. पाळक येऊन प्रार्थना करून गेले. किसननं भिंतीकडं तोंड फिरवलं. ज्याला नाही म्हणता येतं, तो खरंच नाही म्हणू शकतो, हे बाईंनी असं घरात बसून पाहिलं. शेवटच्या दिवशी त्यानं बाईंचा तोच मोडलेला हात धरून ठेवला होता. ओठ हलत होते, शब्द काही कळले नाहीत.

त्याला मूठमाती द्यायला गल्लीतले सात-आठ जण गेले. खांदा द्यायला चिंधा होता. परत येताना त्यानं न राहवून विचारलं, मावशी, आता त्यांचं तिथं काय होणार?

"मला नाही माहीत," बाई म्हणाल्या. चार पावलं चालल्यावर पुन्हा बोलल्या. "शेवटी तो काय पुटपुटला ते मला ऐकू आलं नाही. देवाला आलं असेल. माझ्यापेक्षा तो कुणाचंही जास्त ऐकतो. निवाडा त्याच्याकडं आहे म्हणून मला रडता तरी येतंय. माझ्याकडं असता तर मी अजून जुनी भांडणंच काढत बसले असते."

आणि त्या रडल्या. रस्त्याच्या कडेला उभ्या राहून, ज्यानं हात मोडला त्या माणसासाठी. चिंधा छत्री धरावी तसा त्यांच्या उन्हाच्या बाजूला उभा राहिला.

घरी आल्या तर सरलाबाईंनी त्यांच्या खोलीत पाणी भरून ठेवलं होतं, पिठलं-भाकरी झाकून ठेवली होती. बाई म्हणाल्या, भूक नाही. सरलाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि तोंडापाशी नेऊन धरला. हात आखडेपर्यंत धरून राहिल्या. मग अनुसयाबाईंनी तोंड उघडलं.