विनाशाळा

एसटीनं सावळारामांना निवृत्त केलं, पण सावळारामांनी चेकिंग काही सोडलं नाही. पेपर हातात आला की तो आजचाच आहे ना म्हणून तारीख दोनदा वाचायची. दवाखान्यातून आणलेल्या गोळ्या घरी आल्यावर पुन्हा मोजायच्या. देवळात पुजाऱ्यानं नारळाचं मोठं भकल कुणाच्या हातावर ठेवलं, यावर डोळा ठेवायचा. जग लबाड आहे आणि त्याला पकडायला आपण एकटेच उरलोय, अशी त्यांची पक्की समजूत होती. माणूस वाईट नव्हता. पण चौतीस वर्षं भरल्या गाडीत शिरून लोकांच्या तोंडाकडं संशयानं बघायचं काम केलं, तर तोंडं तशीच दिसायला लागतात.

घोडेगावहून डोंगराकडं जाणाऱ्या गाड्या त्यांनी आडवळणाला थांबवून तपासल्या होत्या. लेकराचं अर्धं तिकीट चुकवायला आई सांगायची, साहेब, अजून पाचवं लागलं नाही. सावळाराम वाद घालत नसत. ते पोरापुढं वाकून म्हणायचे, "आ कर बरं." पुढचे दात पडलेले दिसले की खिशातून पावतीपुस्तक बाहेर यायचं. दात खोटं बोलत नाहीत, हे ते पुढं आयुष्यभर सांगत राहिले. कुणाला त्यांनी नुसतं दटावून सोडलं, असं आख्ख्या आगारात कुणाच्या ऐकण्यात नाही.

अशा माणसाच्या घरात सुनेनं शाळा काढली.

सून नूतन आणे पठारावरची, डी.एड. झालेली. मुलगा गोरख चाकणला कंपनीत, रविवारी यायचा. सावळारामांची बायको अंबाबाई जाऊन पाच वर्षं झालेली. म्हणजे आठवडाभर घरात माणसं चारच, म्हातारा, सून, आठ वर्षांची समृद्धी आणि पाच वर्षांची ओवी. मागच्या वर्षी दिवाळीनंतर नूतननं समृद्धीला शाळेतून काढलं, ओवीचं नाव घातलंच नाही, आणि दोघींना घरीच शिकवीन असं जाहीर केलं.

कारण तिनं सांगितलं होतं. ज्या शाळेत ती स्वतः शिकवत होती आणि समृद्धी शिकत होती, तिथं पाहुणे तपासायला आले की पोरांना एक युक्ती पढवलेली असे. उत्तर येतंय त्यानं उजवा हात वर करायचा, येत नाही त्यानं डावा. पाहुण्याला सगळा वर्ग हुशार दिसायचा आणि बाई उजव्या हातालाच उठवायच्या. एक दिवस घरी जेवताना नूतननं समृद्धीला काहीतरी विचारलं, तर पोरीनं ताटावरून डावा हात वर केला आणि गप्प बसली. नूतननं त्याच आठवड्यात नोकरी सोडली आणि पोरीचं नावही काढून आणलं.

सावळारामांनी हे सगळं ऐकून घेतलं, पण विश्वास ठेवला नाही. माणूस जे कारण सांगतो ते खरं कारण नसतं, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. मग खरं कारण काय? सुनेला सकाळी उठून डबे करायचा कंटाळा असावा. किंवा पोरी अभ्यासात ढ असाव्यात आणि ते झाकायचं असावं. किंवा नातींना आपल्या मुठीत ठेवून एक दिवस घर-वावर स्वतःच्या नावावर करून घ्यायचा बेत असावा. हा तिसरा संशय त्यांना विशेष आवडला, कारण त्याला पुरावा लागत नव्हता.

त्यांनी पाळत सुरू केली. सकाळी गोठ्याचं आवरलं की नूतन पोरींना घेऊन ओट्यावर बसायची. कधी कांद्याच्या वखारीतले कांदे मोठे-लहान लावायचे आणि त्यावर हिशेब घालायचे, कधी औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायचं, कधी नुसतंच मुंगळ्यांच्या मागं तासभर फिरायचं. उसाच्या बाजूला मात्र जायचं नाही, बिबट्याचा काही भरवसा नाही. सावळाराम दाराआड उभे राहून ऐकायचे. तासभर मुंगळे! ह्याला शाळा म्हणायचं? मग अवचित अडकित्ता शोधायच्या निमित्तानं बाहेर येऊन ते धाड घालायचे. सात नव्वे किती? त्रेसष्ट, समृद्धी सांगायची. पाठ केलं असणार. पुरंदर किल्ला कुठल्या जिल्ह्यात? "माहीत नाही आजोबा. शोधून सांगते." झालं, सापडली. ते आत जाऊन डायरीत तारीख-वेळ घालून लिहून ठेवायचे.

त्यांना सगळ्यात जास्त हे 'माहीत नाही'च खुपायचं. पोरगी ते न लाजता, मान वर करून सांगायची, जणू बक्षीसच मिळणार आहे. एकदा पुण्याहून नूतनच्या नावानं खोकं आलं. ती गोठ्यात असताना सावळारामांनी ब्लेडनं चिकटपट्टी अलगद कापली. आत लाकडी मणी आणि तराजू निघाला. त्यांनी खोकं पुन्हा चिकटवलं आणि संध्याकाळभर मण्यांवरच संशय घेत बसले.

हे असंच चाललं असतं. पण एक दिवस घोडेगावच्या स्टँडवर चहा पिताना शेजारच्या कुशाबानं सहज विचारलं, "नातीचा नंबर कितवा आला राव औंदा?" सावळारामांच्या तोंडातला घोट तोंडातच राहिला. कुशाबाचा नातू पहिला आला होता. तो प्रश्न काही साधा नव्हता, असं त्यांना वाटलं, आणि कधी नव्हे तो हा संशय खरा होता.

चहा संपवून त्यांनी दुकानातून फुलस्केप कागद घेतला आणि स्टँडच्या बाकावर बसून गटशिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज लिहिला. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं लिहिला. खाली नाव घातलं नाही. पाकीट पंचायत समितीत टपालाच्या टेबलावर ठेवलं आणि कुणी बघितलं नाही ना, हे बघत बाहेर पडले. साहेब येतील, सुनेला चार शब्द सुनावतील, पोरी शाळेत जातील, आपलं नाव कुठं येणार नाही. साधा हिशेब होता.

बारा दिवसांनी नूतनला फोन आला की निनावी अर्ज आलाय, गुरुवारी विस्तार अधिकारी चौकशीला येणार आहेत. संध्याकाळी गोरखचा फोन आला. नूतननं भाकरी थापत फोन स्पीकरवर ठेवला होता, त्यामुळं सावळारामांना चोरून ऐकायचीही गरज पडली नाही. गोरख चिडलेला होता. गावात कुणी आपल्या वाईटावर असेल तर राहायचंच कशाला, म्हणाला. साहेबानं वाकडं लिहिलं तर रविवारी टेम्पो घेऊन येतो, चाकणला दोन खोल्या बघून ठेवल्यात, शेजारीच शाळा आहे. आणि दादांचं, म्हणजे सासऱ्यांचं काय, असं नूतननं विचारलं. तेव्हा गोरख जरा थांबला आणि म्हणाला, दादा काही गाव सोडून यायचे नाहीत. त्यांचा डबा लावू कुठंतरी.

अंबाबाई गेल्यावर दोन वर्षं सावळाराम या घरात एकटे राहिले होते. तेव्हा भिंतीवरचं घड्याळ बंद पडलेलं त्यांना आठ दिवसांनी कळलं होतं, कारण वेळ विचारणारंच कुणी नव्हतं. मग नूतनच हट्टानं पोरींना घेऊन गावी राहायला आली. आता त्यांनी आपल्या हातानंच पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि वर 'आई गं' म्हणायचीही सोय नव्हती.

"कुशाबाचं काम हाय हे," ते नूतनला म्हणाले. तिनं त्यांच्याकडं नुसतं बघितलं. त्या बघण्याचा अर्थ लावण्यात त्यांची सगळी रात्र गेली.

आता गंमत बघा. ज्या माणसानं आयुष्यभर पढवलेली पोरं पकडली, तोच बुधवारी दुपारी नातीला गोठ्यामागं नेऊन पढवायला लागला. साहेबानं काही विचारलं तर माहीत नाही म्हणायचं नाही, असं त्यांनी बजावलं. पण माहीतच नसलं तर, तिनं विचारलं. मग काहीतरी ठोकून द्यायचं. समृद्धीनं थोडा विचार केला आणि म्हणाली, तसं त्या शाळेत करायचे, म्हणून तर आईनं काढलं मला. वर्षभरात पहिल्यांदाच सावळारामांच्या मनात आलं, की सुनेनं सांगितलेलं कारण खरंच असावं.

गुरुवारी साहेब आले. मोटारसायकलवरून आलेला, घामेजलेला, भला माणूस होता. पाणी पिऊन त्यांनी फाईल उघडली. अर्ज निनावी आहे, पण आलाय म्हटल्यावर चौकशी करावी लागते, असं ते म्हणाले. मग हसून म्हणाले, "आमच्याकडं अशा मुलांना शाळाबाह्य म्हणतात. ह्या गृहस्थानं लिहिलंय, 'सदर दोन मुली विनाशाळा आढळून आल्या.' नोकरीत हा शब्द पहिल्यांदाच बघितला."

विनातिकीट आढळून आले, हे वाक्य सावळारामांनी आयुष्यात किती हजार वेळा लिहिलं असेल कोण जाणे. डावा हात असला तरी शब्द उजव्याचाच निघाला होता. नूतननं हळूच सासऱ्यांकडं मान वळवली. तिला कळलं, आणि तिला कळलं हे सावळारामांना कळलं.

साहेबांनी वह्या बघितल्या, ओवीकडून मणी मोजून घेतले. नूतननं मुक्त विद्यालयाची माहिती काढून ठेवली होती, पाचवीची परीक्षा समृद्धी तिथून देणार होती. साहेब मान हलवत होते. मग म्हणाले, मुलीला वाचता येतं का बघू. नूतननं फळीवरचं पुस्तक काढलं. आणि इथं सावळारामांची जुनी खोड उफाळून आली. पोरगी फाडफाड वाचते हे त्यांना दाराआडून ऐकून ठाऊक होतं, साहेबाला जराही शंका राहू नये असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि म्हणूनच ते बोलून गेले.

"घरातलं पुस्तक नको, साहेब. पाठ असंल म्हणाल तुमी. तुमच्याजवळचा कुठलाबी कागद द्या."

साहेबांना ते पटलं. त्यांनी फाईलमधला सगळ्यात वरचा कागद काढला आणि समृद्धीच्या हातात दिला. तो कुठला कागद आहे हे नूतनला दिसलं, सावळारामांनाही दिसलं. साहेबांनी बहुधा विचारच केला नाही, किंवा केलाही असेल.

समृद्धी उभी राहून वाचू लागली. डाव्या हाताचं वेडंवाकडं अक्षर, पण ती कुठं अडखळली नाही. "मुलींच्या आईस विचारले असता उडवाउडवीची उत्तरे देते. सदर बाई लबाड असून घर व जमीन बळकावण्याचा तिचा हेतू दिसतो." इथं ती थांबली. कागद उलटा करून पाठीमागं बघितला. मग म्हणाली, हे खोटं आहे, कुणी लिहिलंय? साहेब म्हणाले, नाव नाही बाळा. नाव नाही तर शोधायचं, एवढंच तिला शिकवलेलं होतं. तिनं नूतनला विचारलं, आई, तू? नूतन नाही म्हणाली. मग ती आजोबांकडं वळली.

"आजोबा, तुम्ही?"

चौतीस वर्षं ज्यांना प्रश्न विचारले ते लोक खाली का बघायचे, हे सावळारामांना तेव्हा समजलं. कुशाबाचं नाव अजूनही घेता आलं असतं. पण पोरगी सरळ डोळ्यांत बघत होती.

"व्हय," ते म्हणाले. "म्याच लिवलं."

साहेबांनी घाईनं हात पुढं केला, झालं, वाचन उत्तम आहे, आण तो कागद, म्हणाले. पण नूतन मध्ये बोलली.

"वाचू द्या, साहेब. एक ओळ राहिलीय."

समृद्धीनं शेवटची ओळ वाचली. "घरात एक वृद्ध गृहस्थ असून त्यांस कोणी काही विचारत नाही."

तक्रारीच्या अर्जात ही ओळ कशाला लिहिली, हे त्या दिवशी बाकावर बसलेल्या सावळारामांनाही सांगता आलं नसतं. पोरीनं कागद साहेबांना परत दिला आणि आजोबांपुढं येऊन उभी राहिली. तिला राग आला होता की नाही, तिच्या तोंडावरून काही समजत नव्हतं.

"तुम्हाला कुणी काय विचारायला हवं, आजोबा?"

साहेबांनी अर्जावर 'तक्रारीत तथ्य आढळले नाही' असं लिहून सही केली आणि चहा न घेताच मोटारसायकल काढली. थोड्या वेळानं गोरखचा फोन आला. सावळाराम समोरच बसले होते. नूतननं सांगितलं, साहेबांनी चांगलं लिहिलंय, टेम्पो नको सांगू. मग पलीकडून गोरखनं काहीतरी विचारलं, आणि काय विचारलं ते सावळारामांना ओळखता आलं. त्यांनी बोटं एकमेकांत घट्ट आवळली.

"नाव नव्हतं त्यावर," नूतन म्हणाली आणि भाजी चिरायला आत गेली.

ही आपल्याला का सोडतेय? नंतर काय मागणार? संशय सवयीनं आलाच. सावळाराम वाट बघत राहिले, पण तिनं आतून काही मागितलं नाही की टोमणा मारला नाही. सुनेवर आपण वर्षभर डोळा ठेवला, याची त्यांना लाज वाटली, आणि ती गिळताही येईना. त्यांनी कधी कुणाला सोडलं नव्हतं, त्यामुळं सोडून दिलेल्या माणसानं पुढं काय करायचं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. समृद्धी अजून समोरच उभी होती. तिला उत्तर हवं होतं. "माहीत न्हाई, पोरी," ते मान वर करून म्हणाले. "शोधून सांगतो."