एकट्यानं घातलेला मुरघास

मुलीला बाळ झालं आणि बायको तिच्याकडे पुण्याला गेली. सेनगावजवळच्या आमच्या शेतात मी आणि चार गायी उरलो. निघताना तिनं बजावलं, "मुरघास घालायचं इसरू नका. उन्हाळ्यात गायींला काय घालसाल?"

एरवी मुरघास घालायचा, हिरवा चारा खड्ड्यात दाबून मुरवायचा, म्हणजे घरभर गडबड. मका विळ्यानं कापायचा, मशीनवर त्याची कुट्टी करायची, खड्ड्यात पसरायची आणि सगळ्यांनी मिळून तुडवायची. बायको प्रत्येक थरावर मीठ आणि गुळाचं पाणी शिंपडायची. पाय हिरवे व्हायचे, हसून हसून पोट दुखायचं.

यंदा माणूस मिळेना. सगळे सोयाबीनच्या काढणीला. मक्याचा दाणा अर्धा चिकात, अर्धा पिठात असतानाच कापणी व्हायला हवी, हे मला ठाऊक होतं. पण कापणीचं मशीन आलं तोवर खालची पानं वाळून वाजायला लागली होती.

मशीनच्या ड्रायव्हरनं एक कणीस सोललं, दाण्यात नख रुतवून पाहिलं.

"काका, उशीर झाला. म्या तुकडा बारीक धरतो, दाणाबी फुटंल. पण पाणी शिंपा अन् कल्चर मारा. वाळका चारा दबत न्हाई, आत हवा राहती."

बघता बघता उभा मका कुट्टी होऊन ट्रॉलीत गेला. खड्ड्यात कुट्टी पडत गेली, तसं मी पंपानं त्यावर पाण्यात कालवलेलं, चारा आंबवणाऱ्या जिवाणूंचं कल्चर फवारलं. ड्रायव्हरनं ट्रॅक्टर पुढंमागं करून खड्डा दाबून दिला. मी चहा ठेवला होता.

"ऱ्हाऊ द्या काका. पुसेगावात लोक वाट पाहून राहिले."

तो गेला आणि वारा सुटला. प्लास्टिकच्या कागदाचं एक टोक मातीनं दाबावं, तर दुसरं उडायचं. नेहमी ते टोक बायकोच्या हातात असायचं. शेवटी मी कागदावर पालथा पडलो आणि हातानं माती ओढत राहिलो. छातीखाली कुट्टी कोमट लागत होती. रस्त्यानं एक जीप गेली, थांबली नाही.

दीड महिन्यानं खड्डा उघडला. मधला मुरघास पिवळसर, मऊ, चांगला झाला होता. कागद नीट न बसलेला कोपरा मात्र पांढरा पडलेला. तेवढा काढून लांब टाकला. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"वास कसा येऊन राहिला?"

"आंबूस. जरा गोड."

"काळा तर न्हाई ना पडला?"

"एका कोपऱ्याला बुरशी आली. कागद धरायला कुणी नव्हतं."

मागं बाळ रडायला लागलं. "उठलं बघा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी गव्हाणीत पाटी ओतली. गायी आधी हुंगत राहिल्या, मग खाऊ लागल्या. गव्हाण रिकामी होईस्तोवर मी तिथंच उभा होतो. घरात जायची घाई नव्हती.